उधारीच्या टाकीतलं तेल : ओडब्ल्यू बंकर कंपनीचं प्रकरण

काळ्या समुद्राच्या रशियन किनाऱ्यावर तुआप्से नावाचं बंदर आहे. 4 नोव्हेंबर 2014 रोजी तिथे 'रेस कॉजिटान्स' या जहाजाने 864 टन इंधन भरून घेतलं. किंमत सुमारे 4 लाख 44 हजार डॉलर, आणि पैसे 60 दिवसांनी द्यायचे. जहाजाच्या मालकांनी ऑर्डर दिली होती ओडब्ल्यू बंकरच्या माल्टातल्या कंपनीला. माल्टाच्या कंपनीने ती डेन्मार्कमधल्या आपल्याच गटाच्या मुख्य कंपनीकडे दिली, डेन्मार्कने ती रोसनेफ्ट या रशियन तेलकंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेकडे आणि त्या कंपनीने रशियातल्या आपल्या पुरवठादार भावंडाकडे. जहाजाला होज, म्हणजे तेलाची नळी, जोडला तो या शेवटच्या कंपनीने. एका भरणीसाठी चार करार झाले आणि मधल्या तीन कंपन्यांनी तेलाचा थेंबही पाहिला नाही.

तीन दिवसांनी, 7 नोव्हेंबरला, ओडब्ल्यू बंकरने डेन्मार्कमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जहाजांना बंकर, म्हणजे इंधन, पुरवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. त्या दिवशी जगभरच्या शेकडो जहाजांच्या टाक्यांत तिच्या नावावर घेतलेलं तेल होतं. ते तेल जळत होतं, जहाजं चालत होती, आणि पैसे नक्की कुणाला द्यायचे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी बरीच वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली आहेत, त्यामुळे हे प्रकरण मला नुसत्या ताळेबंदातून दिसत नाही. तेल घेऊन येणारी छोटी बोट, म्हणजे बार्ज, लागलेली असताना डेकवर जो माणूस उभा असतो, त्याच्या बाजूनेही ते दिसतं. पण या लेखाचा मुद्दा ताळेबंदातलाच आहे. ओडब्ल्यू बंकर 34 वर्षं वाढत गेली, ती नेमकं काय विकत वाढली? माझं उत्तर सरळ आहे. ती तेल विकत नव्हती, उधारी विकत होती. आणि कंपनी किती वाढली हे मोजताना सगळ्यांनी तेल मोजलं.

बंकरचा धंदा

जहाज कोळशावर चालत होतं तेव्हा कोळसा साठवायच्या कोठाराला बंकर म्हणत. कोळसा गेला, तेल आलं, शब्द राहिला. आज जहाजाचं इंधन म्हणजे बंकर आणि ते भरणं म्हणजे बंकरिंग. सुटा माल नेणारं मध्यम आकाराचं सुप्रामॅक्स बल्क कॅरिअर चालू असताना दिवसाला पंचवीस-तीस टन तेल खातं. मोठ्या कंटेनर जहाजाची भूक त्याच्या कितीतरी पट. प्रवासाच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा इंधनाचाच असतो.

हे तेल बंदरात मिळतं ते बार्जमधून. बार्ज बाजूला येऊन लागते, होज जोडला जातो, टाक्यांचं साउंडिंग, म्हणजे तेलाच्या पातळीचं माप, घेतलं जातं, आणि मग पंप सुरू. चीफ इंजिनीअरच्या डोक्याला खरा ताप असतो तो मोजमापाचा. तेलात हवा मिसळून पाठवली की ते फेसाळतं आणि टाकी भरल्यासारखी दिसते. याला आमच्याकडे 'कॅपुचिनो' म्हणत. फेस बसला की कळतं, वीस-तीस टन कमीच आले आहेत. तोवर बार्ज निघून गेलेली असते. सिंगापूरने 1 जानेवारी 2017 पासून फ्युएल ऑइलच्या बंकरिंगसाठी वाहत्या तेलाचं वजन मोजणारे मास फ्लो मीटर सक्तीचे केले ते याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. शेवटी चीफ इंजिनीअर बंकर डिलिव्हरी नोटवर, म्हणजे बीडीएनवर, सही-शिक्का करतो. ती नोट जहाजावर तीन वर्षं आणि तेलाचा सीलबंद नमुना किमान बारा महिने जपावा लागतो.

डेकवरून एवढंच दिसतं. पैशाची बाजू किनाऱ्यावर, वेगळ्याच माणसांत चालते. जहाजाचा मालक ग्रीसमधल्या पिरियसमध्ये, जहाज भाड्याने घेतलेला चार्टरर सिंगापूरमध्ये आणि जहाज तुआप्सेमध्ये. तुआप्सेचा पुरवठादार या दोघांना ओळखत नाही. त्याला पैसे लवकर हवेत. चार्टररला मात्र मालवाहतुकीचं भाडं प्रवासाच्या ओघात मिळणार, म्हणून त्याला मुदत हवी. या दोघांच्या मधे ट्रेडर उभा राहतो. पुरवठादाराला तो म्हणतो, पैसे माझ्याकडून घे. गिऱ्हाइकाला म्हणतो, मला सावकाश दे.

आपल्याकडे मार्केट यार्डातला अडत्या हेच करतो. शेतकऱ्याच्या हातावर पट्टीचे पैसे ठेवतो आणि खरेदीदाराकडून पंधरा दिवसांनी, महिन्याने वसूल करतो. अडत्याकडे माल किती उतरतो यापेक्षा त्याची उधारी कुणाकडे अडकली आहे, यावर त्याची खरी ताकद ठरते. हे यार्डातल्या हमालालाही ठाऊक असतं.

रेस कॉजिटान्सच्या चार करारांत हे अगदी स्पष्ट दिसतं. जहाजमालकांना मुदत 60 दिवसांची होती. रोसनेफ्टच्या कंपनीने ओडब्ल्यूला दिलेली मुदत होती 30 दिवसांची. मधले 30 दिवस ओडब्ल्यूच्या पदरचे, आणि तोच तिचा खरा माल.

नॉरेसुंडबी ते कोपनहेगनचा शेअर बाजार

उत्तर डेन्मार्कमध्ये लिमफ्योर्ड नावाची अरुंद खाडी आहे. एका काठावर ऑलबोर्ग, समोरच्या काठावर नॉरेसुंडबी. तिथे ओवे रिस्ट (Ove Wrist) नावाने जहाजांना सामान पुरवणारी पेढी होती. दोर, रंग, किराणा, मांस, जहाजाला लागेल ते. 1980 मध्ये या पेढीने इंधनाची शाखा काढली. ओडब्ल्यू ही अक्षरं त्या पेढीच्या नावातली.

सुरुवात अगदी समजण्यासारखी आहे. ज्या कॅप्टनला बटाटे आणि वंगण विकतो, त्याला तेलही विकावं. ओळख होती, विश्वास होता, फोन फिरवला की काम होत होतं. बंकर ट्रेडिंगला मोठं भांडवल लागत नाही. ना रिफायनरी, ना साठवणटाक्या. लागतात त्या ओळखी, बंदरांची खडान्‌खडा माहिती, आणि पुरवठादारांकडे पत. डेन्मार्कसारख्या छोट्या देशातून या धंद्यात एकाहून अधिक जागतिक कंपन्या निघाल्या त्याचं कारण हेच असावं. मेर्स्क या बड्या जहाजकंपनीच्या देशात जहाजधंद्यातली माणसं गावोगाव होती, आणि हा धंदा माणसांवरच चालतो.

पुढची पंचवीस वर्षं कंपनी पायरीपायरीने पसरली. सिंगापूर, दुबई, हाँगकाँग, माल्टा, हॅम्बुर्ग, ह्यूस्टन, पनामा. नॉर्वेतली बर्गन बंकर्स गटात आली. काही बंदरांत कंपनीने स्वतःची बार्ज आणि टँकर चालवायला घेतले, म्हणजे तिथे ती नुसती ट्रेडर न राहता फिजिकल सप्लायर झाली. यात भांडवल अडकतं, पण मालाचा दर्जा आणि वेळ आपल्या हातात राहते. मला कंपनीचा हा भाग मनापासून आवडतो. दिवाळखोरीनंतर सगळ्यांनी तिच्याकडे ठगांची टोळी म्हणून पाहिलं, पण तिच्या बार्ज वेळेवर येत होत्या आणि फोनवरच्या माणसांना काम येत होतं. सेवा खोटी असती तर ती चौतीस वर्षं टिकली नसती.

2007 मध्ये स्टॉकहोमच्या अल्टॉर या गुंतवणूक फंडाने रिस्ट गट विकत घेतला. तिथून कंपनीचा पोत बदलला. कौटुंबिक पेढीला उद्या दुकान उघडायचं असतं. फंडाला काही वर्षांनी विकून बाहेर पडायचं असतं, आणि विकताना वाढ दाखवावी लागते. यात बेकायदा काही नाही, त्या धंद्याची ती रीतच आहे. पण उधारी हाच माल असलेल्या कंपनीत वाढ दाखवणं जितकं सोपं, तितकंच धोक्याचं. मुदत थोडी वाढवली, मर्यादा थोडी सैल केली की विक्री वाढते. तोटा दिसतो तो नंतर, सगळा एकदम.

2013 पर्यंत कंपनी 29 देशांत पोचली होती. सहाशेहून जास्त माणसं, चालवायला तिसेक जहाजं, आणि वर्षाची उलाढाल सुमारे 1,700 कोटी डॉलर. 19 डिसेंबर 2013 रोजी आयएनजी बँकेच्या पुढाकाराने तेरा बँकांनी कंपनीला 70 कोटी डॉलरची फिरती कर्जमर्यादा दिली. तारण काय? कंपनीला गिऱ्हाइकांकडून येणं असलेले पैसे. थोडक्यात, उधारीची बिलं.

28 मार्च 2014 रोजी कंपनी कोपनहेगनच्या शेअर बाजारात उतरली. शेअरचा भाव 145 क्रोनर, कंपनीचं मोल सुमारे 530 कोटी क्रोनर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 100 कोटी डॉलर. पहिल्या दिवशी भाव जवळजवळ पाचव्या हिश्श्याने चढला. सामान्य डॅनिश बचतदारांनी आणि पेन्शन फंडांनी शेअर घेतले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. उलाढाल 1,700 कोटी, बाजाराने लावलेलं मोल 100 कोटी. ही तफावत कुणाला खटकली नाही, कारण ती या धंद्याची नेहमीचीच. तेल महाग आणि मधला नफा पातळ. पण धोका तिथेच बसलेला असतो.

सहा डॉलरचा हिशोब

एक काल्पनिक व्यवहार घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. 1,000 टन तेल, भाव टनाला 600 डॉलर. बिल 6 लाख डॉलरचं. ट्रेडरला टनामागे 6 डॉलर सुटतात असं धरा. हातात येतात 6,000 डॉलर, आणि त्यातूनच पगार, भाडं, व्याज जायचं. गिऱ्हाईक बुडालं तर जातात 6 लाख. एक बुडीत बिल भरून काढायला तसेच आणखी शंभर व्यवहार करावे लागतील, तेही खर्च शून्य धरून.

या गणितातून तीन गोष्टी निघतात, आणि ओडब्ल्यूच्या बाबतीत तिन्ही महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली, अशा धंद्यात विक्री करणारा माणूस आणि उधारी मंजूर करणारा माणूस वेगळा हवा. विक्रेत्याला 6,000 दिसतात. 6 लाख दिसणारा कुणीतरी त्याच्या शेजारी बसलेला हवा, आणि त्याला नाही म्हणायचा अधिकार हवा.

दुसरी, उलाढाल तेलाच्या भावाबरोबर फुगते. 2011 ते 2014 च्या मध्यापर्यंत कच्चं तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर-खाली होतं. तेवढंच तेल, तेवढीच गिऱ्हाइकं, पण स्वस्ताईच्या काळापेक्षा बिल कितीतरी मोठं. उलाढालीचा आलेख वर जातो आणि अडकलेली उधारीही तितकीच वर जाते. गुंतवणूकदार पहिला आलेख बघतात.

तिसरी गोष्ट जरा आडवळणाची आहे. पण माझ्या मते ओडब्ल्यू कशी पडली हे तिच्याशिवाय कळत नाही. चाक असं फिरतं. गिऱ्हाइकाचं बिल बँकेकडे तारण, त्यावर कर्ज, कर्जातून पुरवठादाराचे पैसे, पुरवठादाराकडून नवं तेल, नव्या तेलाचं नवं बिल. भाव चढत असेल तर प्रत्येक फेऱ्यात तारण वाढतं आणि कर्जही. भाव पडायला लागला की तारण आकसतं. आणि नेमक्या त्याच वेळी भावाच्या सौद्यांवर मार्जिनचे, म्हणजे तोट्यापोटीच्या अनामतीचे, पैसे भरा असे निरोप यायला लागतात. पैसा दोन्ही बाजूंनी आटतो. जी कंपनी चढत्या भावात भक्कम दिसत होती, तिला पडत्या भावात श्वास घ्यायला आठवडाही मिळत नाही.

2014 चा शरद

जून 2014 मध्ये ब्रेंट जातीचं कच्चं तेल बॅरलला 115 डॉलरपर्यंत गेलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते 83 च्या आसपास आलं, आणि वर्षाअखेर साठच्याही खाली गेलं.

भावाचा धोका टाळण्यासाठी ट्रेडर हेजिंग करतात. आज गिऱ्हाइकाला पक्क्या भावाने तेल कबूल केलं, तर उद्याच्या चढउतारासाठी वायदे बाजारात उलटा सौदा करून ठेवायचा. नीट केलं तर एका हाताचा तोटा दुसऱ्या हाताच्या नफ्याने भरून निघतो. पण हेजिंगला लागणारी यंत्रणा आणि सट्ट्याला लागणारी यंत्रणा एकच असते. तेच पडदे, तीच खाती, तेच दलाल. फरक एवढाच की सौद्यामागे खरं तेल उभं आहे की नाही. उद्या भाव चढेल असं वाटून कुणी थोडा जास्त सौदा करून ठेवला, तर बाहेरून ते हेजिंगसारखंच दिसतं.

ऑक्टोबर 2014 च्या उत्तरार्धात कंपनीने जाहीर केलं की जोखीम व्यवस्थापनाच्या सौद्यांवर बाजारभावाने सुमारे 2 कोटी 45 लाख डॉलरचा तोटा दिसतो आहे. शेअर कोसळला. तरी आकडा पेलण्यासारखा वाटत होता.

5 नोव्हेंबरला मात्र दोन बातम्या एकत्र आल्या. तो जोखमीच्या सौद्यांचा तोटा प्रत्यक्षात 15 कोटी डॉलरच्या घरात होता. आणि सिंगापूरच्या डायनॅमिक ऑइल ट्रेडिंग या उपकंपनीत वरिष्ठ कर्मचाऱ्यांनी केलेला गैरव्यवहार उघडकीला आला होता, त्यातला संभाव्य तोटा सुमारे 12 कोटी 50 लाख डॉलर. दोन्ही मिळून साधारण 27 कोटी 50 लाख. शेअरचे व्यवहार थांबवले गेले. बँका आणखी पैसे घालायला तयार झाल्या नाहीत. शेअर बाजारात उतरल्याला साडेसात महिनेही झाले नव्हते.

सिंगापूरवर थोडं थांबायला हवं. 2014 मध्ये त्या एका बंदरात 4 कोटी 20 लाख टनांहून जास्त बंकर विकलं गेलं, जगात सर्वांत जास्त. तिथे मोठ्या तेलकंपन्यांपासून दोन-चार बार्जवाल्यांपर्यंत सगळे आहेत, आणि लहान कंपन्यांना माल घ्यायला सतत रोकड हवी असते. डायनॅमिकने अशाच एका स्थानिक बंकर कंपनीला उधारी दिली. ती वाढत वाढत दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली. एका गिऱ्हाइकाला एवढी! मघाच्या सहा डॉलरच्या हिशोबाने बघा, हे पैसे परत मिळवायला किती तेल विकावं लागलं असतं. वरच्या माणसांना हे किती ठाऊक होतं यावर पुढे वाद झाला, डेन्मार्कमध्ये फौजदारी खटलाही चालला. माझ्या मते मात्र कुणाला ठाऊक होतं यापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. दोन-चार माणसं एका गिऱ्हाइकाला एवढी उधारी देऊ शकतात आणि कंपनीचं पाणी हलत नाही, अशी व्यवस्था शेअर बाजारात उतरण्याआधीच्या सगळ्या तपासण्यांतून कशी पार पडली? वकील, हिशोब तपासनीस, बँका, सगळे बघून गेले होते. त्यांनी दप्तरं तपासली, आणि दप्तरात ती उधारी 'येणे बाकी' म्हणून मालमत्तेच्या बाजूला व्यवस्थित लिहिलेली असणार.

पैसे कुणाला द्यायचे

कंपनी गेली, पण जहाजं समुद्रात होती. प्रत्येक जहाजाच्या मालकाकडे आता दोन दावेदार आले. आयएनजी म्हणत होती, ओडब्ल्यूची बिलं आमच्याकडे तारण आहेत, पैसे आम्हाला द्या. बार्ज घेऊन आलेला पुरवठादार म्हणत होता, तेल माझं, मला दमडी मिळालेली नाही, पैसे द्या नाहीतर जहाज अडकवतो. एका भरणीचे पैसे दोनदा द्यायची वेळ. कित्येक बंदरांत जहाजं जप्त झाली. जप्तीत उभ्या जहाजाचा एक दिवसाचा खर्च हजारो डॉलरचा, वर माल उशिरा पोचल्याचे दावे वेगळे. ओडब्ल्यूचं तोंडही न पाहिलेल्या चार्टररांनी आणि मालकांनी हा भुर्दंड सोसला.

रेस कॉजिटान्सच्या मालकांनी लंडनमध्ये लढा दिला, आणि त्यांचा मुद्दा खरोखर हुशारीचा होता. ओडब्ल्यूच्या करारात लिहिलं होतं की पूर्ण पैसे येईपर्यंत तेलाची मालकी विक्रेत्याकडेच राहील. मालक म्हणाले, विक्री म्हणजे मालकी देणं. ओडब्ल्यूने स्वतः रोसनेफ्टचे पैसे दिलेच नाहीत, म्हणजे तेलाची मालकी तिच्याकडे कधी आलीच नाही. जे तिचं नव्हतं ते तिने आम्हाला विकलं कसं? आणि विक्रीच झाली नसेल तर किंमत कसली मागता?

लवाद, हायकोर्ट, अपील कोर्ट अशा पायऱ्या चढत प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 11 मे 2016 रोजी निकाल आला, मालकांच्या विरोधात. न्यायालयाने म्हटलं की हा करार मुळात मालविक्री कायद्याच्या अर्थाने विक्रीचा करारच नाही. 60 दिवसांची मुदत देताना दोन्ही पक्षांना पुरतं माहीत होतं की पैसे देण्याआधीच तेल इंजिनात जळून जाणार. जळलेल्या तेलाची मालकी कोण कुणाला देणार? म्हणून हा आपल्या जातीचा वेगळाच करार आहे. तेल जाळायची परवानगी दिली, त्या बदल्यात ठरल्या दिवशी पैसे द्यायचे. परवानगी पाळली गेली, आता पैसे द्या.

हा निकाल वाचला तेव्हा मला माझ्याच सह्या आठवल्या. किती बीडीएनवर मी सही केली असेल, आणि दर वेळी मनात हेच होतं की तेल 'विकत' घेतलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा धंदा फोडून दाखवला. मालाची विक्री बाजूला ठेवल्यावर उरते ती मुदत आणि वापरायची परवानगी. ओडब्ल्यूने गुंतवणूकदारांना हे इतकं स्पष्ट सांगितलं असतं तर 145 क्रोनर भाव मिळाला असता का, कोण जाणे.

अमेरिकेत लढाई जहाजावरच्या धारणाधिकाराची, म्हणजे लीनची झाली. तिथला कायदा मालकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून जहाजाला गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्याला थेट जहाजावर हक्क देतो. बार्जवाल्यांना वाटलं, आपण सुटलो. पण 2017 आणि 2018 मध्ये एकामागून एक अपील न्यायालयांनी सांगितलं की तुम्ही तेल दिलं ते ओडब्ल्यूच्या सांगण्यावरून, जहाजमालकाच्या सांगण्यावरून नव्हे. प्रत्यक्ष तेल देणारा हात रिकामा राहिला. मला हे न्याय्य वाटत नाही, पण कायद्याचं वाचन म्हणून ते चूक आहे असंही म्हणता येत नाही.

आपल्याकडेही हा मुद्दा वेगळ्या वाटेने आलेला आहे. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यात बंकर इंधनाच्या पुरवठ्याचा दावा नाव घेऊन धरला आहे, म्हणजे त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जाऊन जहाज अटकवता येतं. पण मारिटाइम लीनचा वरचा दर्जा त्याला नाही. त्याच वर्षी ख्रिसोमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही आवश्यक वस्तूंच्या पुरवठ्याबद्दल हेच म्हटलं. जहाज विकलं गेलं, मालक बदलला, की बंकरवाल्याची पकड ढिली होते. कांडला, मुंबई किंवा गोव्याच्या बंदरांत बार्ज चालवणाऱ्या लहान पुरवठादारांनी हा फरक नीट समजून घ्यायला हवा. मोठा ट्रेडर मधे असला की निर्धास्त वाटतं, पण अडकतात ते पैसे आपले असतात.

इतर घरं

ओडब्ल्यू एकटी असती तर एका सडक्या उपकंपनीवर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. पण तसं नाही. पिरियसची एजियन मरीन पेट्रोलियम ही बंकर कंपनी 1995 मध्ये सुरू झाली, 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली, आणि 2018 मध्ये तिच्या लेखापरीक्षण समितीला आढळलं की सुमारे 20 कोटी डॉलरचं येणं मुळात येण्यासारखंच नाही. त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. सिंगापूरची हिन लिओंग ही तेलाचा व्यापार करणारी कंपनी 2020 मध्ये पडली. तिच्या संस्थापकाने वर्षानुवर्षं वायद्यांतले सुमारे 80 कोटी डॉलरचे तोटे लपवले होते. पहिली उधारीत बुडाली, दुसरी सौद्यांत. ओडब्ल्यूच्या घरात दोन्ही खोल्या एकाच आठवड्यात पेटल्या.

उलट उदाहरणही आहे. फ्लोरिडातली वर्ल्ड फ्युएल सर्व्हिसेस 1984 मध्ये वापरलेलं तेल गोळा करणारी कंपनी म्हणून सुरू झाली, आधी विमानाच्या इंधनात शिरली, आणि 1995 मध्ये ट्रान्स-टेक विकत घेऊन जहाजाच्या इंधनात आली. तीही उधारीच विकत वाढली. पण विमान, जहाज आणि जमिनीवरचं इंधन अशा वेगवेगळ्या टोपल्या तिच्याकडे होत्या. 2014 च्या त्याच घसरणीतून ती पार पडली.

ओडब्ल्यूची माणसं फार दिवस मोकळी राहिली नाहीत. प्रतिस्पर्ध्यांनी काही आठवड्यांतच त्यांना उचललं, कारण त्यांच्या डोक्यातल्या ओळखी आणि बंदरांची माहिती शाबूत होती. जहाजमालकांची संघटना बिमकोने 2015 मध्ये बंकर करारांसाठी प्रमाण अटी आणल्या आणि 2018 मध्ये त्या सुधारून घेतल्या. 2020 पासून जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आली, तेल महागलं, आणि प्रत्येक भरणीमागची उधारी पुन्हा मोठी झाली.

माझा शेवटचा करार संपायच्या आधीच्या एका भरणीची आठवण आहे. बार्जच्या माणसाने नोट पुढे केली. घनता, तापमान, गंधक, टन, सगळं मी नेहमीप्रमाणे पाहिलं. मग ऑफिसकडून आलेला ऑर्डरचा मेल काढला आणि त्यावरचं विक्रेत्याचं नाव नोटवरच्या पुरवठादाराच्या नावाशी लावून बघितलं. दोन्ही नावं वेगळी होती. मी कॅप्टनला फोन लावला, आणि तेल चार्टररच्या खात्यावर घेतलं आहे, जहाजावर लीन नाही, असा शिक्का नोटवर मारून घेतला. बार्जचा माणूस खांदे उडवून म्हणाला, हा शिक्का अमेरिकेत चालत नाही साहेब. त्याचं म्हणणं बरंचसं खरं होतं. तिथल्या न्यायालयांत पुरवठादाराला आधीच कळवलेलं असेल तरच त्याला वजन येतं, तेल टाकीत पडल्यावर मारलेल्या शिक्क्याला नाही. म्हणून मी मेल चार्टररच्या ऑफिसला परत पाठवला, आणि पुढच्या बंदराची ऑर्डर देताना विक्रेता कोण, बार्ज कुणाची आणि मधे आणखी कोण, ही तीनही नावं होज जोडण्याआधी आम्हाला कळवा असं लिहिलं.